कळ दाबली तर लागेल कुठे? सेटिंग्जच्या खिडकीतला न दिसणारा फोकस



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर दर शुक्रवारी होते. पण दिवसाचे सात-आठ तास आपण ज्या खिडक्यांसमोर बसतो, त्या संगणकाच्या खिडक्यांची समीक्षा सहसा कुणी करत नाही. अडलं तर आपण 'हँग झालं' म्हणतो, आणि चाललं तर तिकडे बघतही नाही. आज आम्ही अशाच एका खिडकीबद्दल बोलणार आहोत. सेटिंग्जची खिडकी. कुणी तिला ऑप्शन्स म्हणतं, कुणी प्रेफरन्सेस, विंडोजच्या जुन्या बोलीत प्रॉपर्टीज. डावीकडे विभागांची यादी, उजवीकडे चेकबॉक्स, रेडिओ बटणं, खाली उघडणाऱ्या याद्या, आणि तळाशी ओके, कॅन्सल, अप्लाय. चित्र डोळ्यांसमोर आलं असेल.

आमचा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. कीबोर्डवरची कळ आत्ता दाबली तर ती या खिडकीत कुठे लागेल, हे दिसलं पाहिजे. ते पुष्कळदा दिसत नाही. आणि आमचा आक्षेप असा आहे की हे बऱ्याचदा नजरचुकीने झालेलं नाही. खिडकी सुबक दिसावी म्हणून ते जाणूनबुजून झाकलेलं आहे.

आधी शब्दांचं बघू. आज आम्ही कीबोर्डवर असते तिला 'कळ' म्हणू आणि पडद्यावर असतं त्याला 'बटण' म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही. आता फोकस म्हणजे काय? या सभागृहात माइक एक आहे. तो ज्याच्या हातात, त्याचाच आवाज बाहेर जातो. खिडकीतही तसंच. वीस-पंचवीस गोष्टी मांडलेल्या असल्या तरी कीबोर्ड एका वेळी एकाच गोष्टीला ऐकू येतो. ती गोष्ट म्हणजे फोकस. टॅब दाबलं की माइक पुढच्याच्या हातात जातो, शिफ्ट-टॅब दाबलं की मागच्याच्या. माइक कुणाकडे आहे हे दाखवणारी जी खूण असते, ठिपक्यांची चौकट, निळी कड, जाड रेघ, तिच्याबद्दल आपली आजची तक्रार आहे.

इथे कुणी म्हणेल, एवढ्याशा रेघेवर व्याख्यान कशाला? तर सेटिंग्जच्या खिडकीत ती रेघ का महत्त्वाची, हे नीट बघू या. तुम्ही लिहिण्याच्या खिडकीत असलात आणि चुकून कळ दाबली गेली, तर एखादं अक्षर उमटतं. ते दिसतं, खोडता येतं. सेटिंग्जच्या खिडकीत तसं नाही. फोकस चेकबॉक्सवर असेल तर स्पेसबार दाबल्यावर टिक जाते किंवा येते. फोकस रेडिओ बटणांवर असेल तर नुसती बाणाची कळ दाबली तरी निवड सहसा पुढच्या पर्यायावर सरकते, वेगळं एंटर मारावं लागत नाही. फोकस बंद यादीवर असेल तर खालच्या बाणाने तिच्यातली किंमत बदलू शकते. म्हणजे इथे 'फिरणं' आणि 'बदलणं' याच कळा करतात. कोणती कळ केव्हा काय करेल, हे फोकसवर ठरतं. आणि तोच दिसत नसेल, तर माणूस अंधारात फ्यूजच्या पेटीत हात घालतोय असं समजा. त्यात अलीकडच्या कित्येक सेटिंग्जच्या खिडक्यांना ओके-कॅन्सल राहिलेलंच नाही. बदललं की लगेच लागू. परतीचं दार नाही.

बरं, हे फक्त कीबोर्डवाल्यांचं दुखणं आहे असंही नाही. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या खिडक्यांत माऊसच्या चाकाचा संदेश, ज्याच्यावर फोकस आहे त्याला जाऊ शकतो. समजा, तुम्ही एका यादीतून एक पर्याय निवडलात. यादी मिटली, पण फोकस तिथेच राहिला. आता पान खाली सरकवावं म्हणून तुम्ही चाक फिरवलं. पान जागचं हललं नाही, आणि तुमची निवड मात्र दोन घरं पुढे गेली. तुमचं लक्ष पानाच्या तळाकडे. तुम्ही ओके दाबून मोकळे. माऊसवरून हात न उचलताही माणूस फोकसच्या खेळात अडकतो तो असा. म्हणून 'माऊस वापरणाऱ्याला फोकस दिसण्याची गरज नाही' हे वाक्य ऐकलं, की आम्ही सावध होतो.

आता हा न्याय कुणी केला आणि केव्हा, ते पाहू. इथे थोडा इतिहास सांगावा लागेल.

विंडोजमध्ये फोकसची चौकट काढणारं एक जुनं फंक्शन आहे, ड्रॉफोकसरेक्ट. ते वेगळा रंग लावत नाही. खाली जो रंग असेल तो उलटा करतं. त्यामुळे हीच आज्ञा त्याच जागी दुसऱ्यांदा दिली की चौकट आपोआप पुसली जाते. संगणक हळू होते, स्मृती महाग होती, त्या काळात ही फार हुशारीची काटकसर होती. पण तिच्या पोटात एक खोट होती. रंग ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. पांढऱ्याचा, म्हणजे २५५ चा उलटा ०, म्हणजे काळा. उठून दिसतो. पण बरोबर मधल्या करड्या रंगाचा, १२८ चा उलटा १२७. म्हणजे करड्यावर करडं. चौकट काढलेली असते, पण डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ती चौकट मुळात एका पिक्सेलची, ठिपक्यांची. पडद्यावरचे पिक्सेल जसजसे बारीक झाले, तसतशी एका पिक्सेलवरच थांबलेली रेघही बारीक झाली. पुढे विंडोजने तिची जाडी वाढवण्याची सोय दिली. ही सोय कुठे ठेवली? सेटिंग्जच्या खिडकीतच. म्हणजे ज्याला चौकट दिसत नाही, त्याने न दिसणाऱ्या चौकटीच्या आधाराने तिथवर जायचं आणि ती जाड करून घ्यायची.

दुसरा टप्पा विंडोज २००० चा. इथे पहिल्यांदा झाकणं हा नियम झाला. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये एक नवा चेकबॉक्स आला. त्याचा अर्थ साधारण असा की आल्टची कळ वापरेपर्यंत कीबोर्डच्या खुणा लपवून ठेवा. तो आधीपासूनच टिक केलेला असायचा. मेनूतल्या अक्षरांखालच्या रेघा गेल्या, फोकसची चौकटही गेली. कल्पना वाईट नव्हती, हे आम्ही कबूल करतो. खिडकी कीबोर्डने उघडली तर खुणा दिसणार, माऊसने उघडली तर लपणार, आणि मध्येच टॅब किंवा बाणाची कळ दाबली तर परत येणार. पण यातली फट बघा. माऊसने उघडलेल्या खिडकीतही फोकस कुठेतरी असतोच. पहिली कळ स्पेसबारची पडली, तर ती न दाखवलेल्या जागी जाऊन लागते. खूण कळ दाबल्यानंतर दिसून काय उपयोग? तिचं काम कळ दाबण्याच्या आधीचं.

तिसरा टप्पा वेबचा. तुम्ही म्हणाल, सेटिंग्जच्या खिडकीत वेब कुठून आलं? पण आज डेस्कटॉपवरच्या पुष्कळ प्रोग्रॅमची सेटिंग्ज आतून वेबपानंच असतात, एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये लिहिलेली. त्यामुळे वेबच्या सवयीही आत आल्या. त्यातली एक फार महागात पडली. २००७ मध्ये एरिक मेयर यांनी सीएसएसचा एक 'रीसेट' प्रसिद्ध केला. निरनिराळे ब्राउझर पानांना आपापली शैली लावत, ती पुसून पाटी कोरी करायची, असा त्याचा हेतू. त्यात फोकसची कड शून्य करणारी एक ओळ होती, आणि तिच्या अगदी वर एक टीपही होती की बाबांनो, फोकसची आपली शैली द्यायला विसरू नका. जगभर लोकांनी ओळ उचलली आणि टिपेकडे डोळेझाक केली. पुढे २०११ च्या आवृत्तीतून मेयर यांनी ती ओळ काढून टाकली. पण तोवर कड पुसण्याची सवय अंगवळणी पडली होती.

चौथा टप्पा सपाट डिझाइनचा. २०१२ चं विंडोज ८, २०१३ चं आयओएस ७, इथून पुढे बटणांचे उठाव गेले, सावल्या गेल्या, कडा गेल्या. सगळं काम रंगावर आलं. आणि इथे एक नवा घोळ सुरू झाला, तो आमच्या मते सगळ्यात गंभीर आहे.

खिडकीत चार वेगवेगळ्या गोष्टी दाखवायच्या असतात. एक, माऊस कशावर आहे. दोन, यादीतलं काय निवडलेलं आहे. तीन, एंटर मारलं तर कोणतं बटण दाबलं जाईल, म्हणजे डिफॉल्ट बटण. आणि चार, फोकस. पूर्वी या चौघांना चार चेहरे होते. डिफॉल्ट बटणाला जाड काळी कड, फोकसला आतली ठिपक्यांची चौकट, निवडीला निळी पट्टी. दिसायला ओबडधोबड, पण एकाचा दुसऱ्याशी गोंधळ होत नसे. सपाट डिझाइनमध्ये या चौघांच्या वाट्याला एकच निळा रंग आला, कमी-जास्त गडद. आता दोन बटणं शेजारी आहेत, एक निळं आणि एक पांढरं. निळं म्हणजे काय? फोकस की डिफॉल्ट? बटणं तीन असती तर टॅब मारून वेगळं कोणतं ते ताडता आलं असतं. दोनच असतील तर टॅब मारल्यावर रंगांची अदलाबदल होते, आणि आपण जिथे होतो तिथेच.

यावर कुणी म्हणेल, फोकस आणि डिफॉल्ट यात एवढा काय फरक? फरक आहे, आणि तो यंत्रागणिक बदलतो. विंडोजमध्ये टॅबने तुम्ही एखाद्या बटणावर गेलात की तेच डिफॉल्ट होतं. एंटर मारलं की तेच दाबलं जातं. मॅकवर तसं नाही. तिथे रिटर्नची कळ निळ्या भरलेल्या डिफॉल्ट बटणाला लागते आणि स्पेसबार, ज्याच्याभोवती फोकसचं कडं आहे, त्या बटणाला. म्हणजे तुम्ही टॅबने 'कॅन्सल'वर जाऊन सवयीने रिटर्न मारलंत, तर कॅन्सल होणार नाही, उलटच होईल. एकाच खिडकीत दोन कळा दोन वेगळ्या बटणांना लागतात. हा नियम चांगला की वाईट, ते सोडा. पण असा नियम असेल तर दोन खुणा दोन तऱ्हेच्या आणि ठळक असल्याच पाहिजेत. शिवाय मॅकवर टॅबने बटणांपर्यंत आणि चेकबॉक्सपर्यंत पोचायचं, तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती सोय आधी चालू करावी लागते. मुळात टॅब फक्त लिहिण्याच्या चौकटी आणि याद्या यांच्यातच फिरतो.

डाव्या बाजूच्या विभागांच्या यादीचंही तेच. 'जनरल' निवडलेलं आहे, त्यावर निळी पट्टी आहे. टॅब मारून तुम्ही उजवीकडे गेलात. आता चांगल्या खिडकीत डावीकडची पट्टी करडी झाली पाहिजे. म्हणजे कळतं की निवड तिथे आहे, पण माइक तिथे नाही. पुष्कळ खिडक्यांत ती पट्टी निळीच राहते. तुम्हाला वाटतं आपण अजून यादीत आहोत. पुढच्या विभागात जायला तुम्ही खालचा बाण मारता, आणि उजवीकडची एक निवड बदलून बसते, जी तुम्ही बघतही नव्हता.

आता यातून नुकसान कुणाचं होतं? बहुतेक लोक पटकन म्हणतात, अंधांचं. इथे आमचं म्हणणं वेगळं आहे. जे पूर्ण अंध आहेत आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतात, त्यांना फोकस ऐकू येतो. खिडकी नीट बांधलेली असेल तर टॅब मारलं की आवाज सांगतो, 'अमुक चेकबॉक्स, टिक आहे'. त्यांना निळ्या कडेची गरजच नाही. अडतो तो माणूस वेगळा. ज्याचे हात थरथरतात म्हणून माऊस धरवत नाही, पण डोळे शाबूत आहेत. ज्याचं मनगट दुखतं म्हणून डॉक्टरांनी माऊस बंद करायला सांगितलंय. ज्याची नजर अधू आहे आणि जो पडदा चारपट मोठा करून, एकेक तुकडा बघत काम करतो. या माणसांना बोलणारा आवाज नको असतो, त्यांना फक्त खूण दिसायला हवी असते.

म्हणूनच सुलभतेची तपासणी स्क्रीन रीडर लावून केली की मोठी फसगत होते. आवाज सगळं बरोबर सांगतो, तपासणारा समाधानाने शेरा मारतो, आणि पडद्यावर फोकसचा पत्ता नसतो.

आणि अपंगत्व बाजूला ठेवलं तरी आपल्याकडे एक मोठा वर्ग आहे. मराठी ३०, इंग्रजी ४० अशा टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेली माणसं. त्यांना शिकवलेलंच असतं की हात कळफलकावरून उचलायचा नाही, नजर कळफलकाकडे न्यायची नाही. असा माणूस पानाची मांडणी किंवा छपाईची सेटिंग्ज बदलायला खिडकी उघडतो आणि टॅब, टॅब, स्पेस करत जातो. त्याचं कौशल्य म्हणजे त्याचा वेग. फोकस दिसला नाही की हा वेगच त्याच्या मुळावर येतो. शेवटी तो हात उचलून माऊस धरतो, आणि आपण म्हणतो, बघा, कीबोर्ड कुणी वापरतच नाही.

डिझाइन करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. त्यांचं म्हणणं असं. माऊसने बटण दाबल्यावर त्याच्याभोवती कडं उरतं, लोकांना ते चुकीचं काहीतरी झाल्यासारखं वाटतं, ग्राहक तक्रार करतात. ही तक्रार खोटी नाही. पण तिला उत्तर मिळालेलं आहे. सीएसएसमध्ये 'फोकस-व्हिजिबल' नावाची सोय आली. क्रोम ८६ मध्ये २०२० साली, फायरफॉक्स ८५ मध्ये २०२१ साली, सफारी १५.४ मध्ये २०२२ साली. यात ब्राउझर स्वतः ठरवतो. माऊसने बटण दाबलं तर कडं नाही, कळेने तिथे आलात तर कडं आहे, आणि लिहिण्याची चौकट असेल तर दोन्ही वेळा आहे. म्हणजे 'कडं कुरूप दिसतं म्हणून काढलं' ही सबब तेव्हापासून संपली. आता जो काढतो, तो आपल्या पसंतीने काढतो.

मग नियम काय म्हणतात? वेबच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, डब्ल्यूसीएजी २.०, २००८ च्या डिसेंबरात आली. त्यातली २.४.७ ही अट सांगते की कीबोर्डचा फोकस दिसला पाहिजे. किती दिसला पाहिजे, ते सांगत नाही. २०१८ च्या २.१ मध्ये अशा खुणांच्या रंगाचं शेजारच्या रंगाशी निदान ३ ला १ इतकं अंतर मागितलं. २०२३ च्या २.२ मध्ये शेवटी मापही आलं. खूण निदान दोन पिक्सेल जाडीच्या कडेएवढी मोठी हवी, आणि फोकस असताना-नसताना तिच्या रंगात ३ ला १ इतका फरक पडला पाहिजे. पण ही मापाची अट मसुद्यात 'डबल ए' या मधल्या पातळीवर होती, ती अंतिम आवृत्तीत 'ट्रिपल ए'वर ढकलली गेली. कायदे आणि करार साधारणपणे डबल एपर्यंतच थांबतात. म्हणजे दिसणं सक्तीचं, पण दिसण्याचं माप ऐच्छिक. चष्म्याचा नंबर न विचारता चष्मा द्यावा, तसं हे झालं.

आपल्या देशात आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, ते वेबबरोबर सॉफ्टवेअरलाही लागू होतं. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुलभतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, त्यातला किमान भाग सक्तीचा करा. या निकालाचा आमच्या विषयाशी संबंध एवढाच की 'जमलं तर करू' हा सूर आता कायद्यालाही पटत नाही. सेटिंग्जच्या खिडकीतली ती रेघ आमच्या हिशोबात या किमान भागात मोडते.

आता तुम्ही काय करायचं? हे ऐकणाऱ्यांत सॉफ्टवेअर बनवणारे असतील, विकत घेणारे असतील, कार्यालयासाठी निवडणारे असतील. सगळ्यांना एकच तपासणी सांगतो, पाच मिनिटांची. माऊस उलटा करून ठेवा. सेटिंग्जची खिडकी उघडा. टॅब मारत जा, आणि प्रत्येक वेळी शेजारच्याला विचारा, 'आत्ता स्पेसबार दाबला तर काय बदलेल?' त्याने हात लांब अंतरावरून बोट दाखवून उत्तर दिलं पाहिजे. तो पडद्याला नाक लावायला लागला, तर खिडकी नापास. मग गडद थीम लावून हेच करा, कारण उजेडात दिसणारी कड गडद थीममध्ये बुडालेली सापडते. मग दोनच बटणं असलेल्या प्रश्नावर या आणि विचारा, यातला फोकस कोणता आणि डिफॉल्ट कोणतं. शेवटी खाली सरकणाऱ्या लांब पानावर जा आणि बघा, फोकस पडद्याबाहेर गेला तर पान त्याच्यामागे सरकतं का, की फोकस तळाच्या पट्टीखाली दडून बसतो.

या तपासणीला यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, खर्च तर नाहीच. आणि दुरुस्तीही बहुतेक वेळा दोन-चार ओळींची असते. म्हणूनच ही चूक आम्हाला खटकते. अवघड म्हणून राहिली असती तर समजून घेतलं असतं. ही सोपी असून राहिलेली आहे, कारण ज्यांनी खिडकी मंजूर केली, त्यांच्या हातात त्या क्षणी माऊस होता.

आमचं मत थोडक्यात असं. फोकसची खूण ही माहिती आहे, घड्याळातल्या काट्यासारखी. तबकडी स्वच्छ दिसावी म्हणून कुणी काटे काढत नाही. सेटिंग्जच्या खिडकीची रंगसंगती, अंतरं, अक्षरं, सगळं बघून तिला गुण द्या. पण कळ कुठे लागणार हे ती सांगत नसेल, तर बाकीचे गुण मोजू नका.

आता प्रश्न घेऊ.